साबणाचा रंग

आत्याला वर्गात नेऊन बसवायची कल्पना वकिलाची. पुढे जे झालं त्याचं सगळं खापर त्याच्याच डोक्यावर फोडावं असं ताईला दिवसभर वाटत राहिलं, पण खरं सांगायचं तर कल्पना वाईट नव्हती. ज्या बाईची दुपारी जागेच्या कागदावर सही घ्यायची, तिला सकाळी जरा मान द्यावा, पहिल्या रांगेत बसवावं, चार लोकांनी उठून नमस्कार करावा, इतकंच त्याच्या डोक्यात होतं. त्याच्या डोक्यात एका वेळी एवढंच मावतं.

"आत्या आजवर एकदाही स्कूलच्या फाटकाच्या आत आलेली नाही," तो ताईला म्हणाला होता. "सरांची सख्खी बहीण, आणि आज स्कूलचा पन्नासावा वाढदिवस. बरं दिसतं का ते?"

"कंटाळेल ती."

"कंटाळू दे. कंटाळलेली माणसं लवकर सही करतात."

सर म्हणजे ताईचे आणि वकिलाचे वडील. घरातही त्यांना सगळे सरच म्हणत, आईसुद्धा. विद्यापीठाचं हे बिझनेस स्कूल त्यांनी उभं केलं, तेही एका माडीवरून. खाली त्यांच्या वडिलांचा बटणांचा कारखाना, जो वडिलांमागे आत्या चालवायची, आणि वरच्या लाकडी माडीवर सरांचा संध्याकाळचा वर्ग. दुकानात कारकुनी करणारी पोरं दमूनभागून यायची आणि पत्र कसं लिहावं, माल कसा मागवावा, गिऱ्हाईक कसं राखावं ते शिकायची. विद्यापीठानं त्या वर्गाला मान्यता दिली आणि रसायनशास्त्राच्या इमारतीत मागची एक बोळासारखी खोली दिली. तिथे मुलं खोकत खोकत विक्रीची कला शिकली. मग पदविका आली, पदवी आली, स्वतःची इमारत आली, परदेशी पाहुणे यायला लागले, क्रमवारीत नाव लागलं. आता काचेचा मोठा डोलारा आहे आणि लिफ्टमध्ये न दिसणारी बाई मजल्यांची नावं सांगते. संचालकाच्या खुर्चीवर ताई बसते. आणि त्या डोलाऱ्याच्या मागच्या कुंपणाला टेकून बटणांच्या कारखान्याची जुनी शेड अजून उभी आहे, माडीसकट. नव्या विस्ताराला नेमकी तीच जागा हवी होती, आणि ती आत्याच्या नावावर होती.

"मला काय करायचंय त्या शेडचं," आत्या महिन्यापूर्वी म्हणाली होती. "घ्या आणि पाडा." तेव्हापासून वकिलाचा जीव भांड्यात पडलेला होता.

पाहुण्यांसमोर एक नमुन्याचा तास घ्यायचा होता. कुठलं उदाहरण, स्कूलच्या भाषेत केस, घ्यावं याचा ताईला विचारच करावा लागला नाही. स्कूलमधून बाहेर पडलेला माणूस कुठल्याही सालातला असो, कुठल्याही देशात भेटो, त्याच्यापुढे 'धाकटा' एवढा शब्द उच्चारला की तो हसतो. सरांनी लिहिलेलं पहिलं उदाहरण ते. दोन भाऊ, बापाचा साबणाचा कारखाना. थोरला दुसरीकडे नोकरीला, कारखाना धाकट्याच्या हातात. एक दिवस मोठी कंपनी दारात उभी राहते, वर्षभर आम्हालाच माल द्या म्हणते, फक्त संध्याकाळची पाळी सुरू करा. धाकटा म्हणतो, मला झेपणार नाही. बस, एवढंच. ऑर्डर दुसऱ्याकडे जाते, आणि थोड्याच दिवसांत कारखान्याला कुलूप लागतं. शेवटी प्रश्न: धाकट्याच्या जागी तुम्ही असता तर?

स्कूलची भाषाच त्यावर पोसलेली होती. कुणी परीक्षेला घाबरला की तो 'धाकटा झाला'. नोकरी सोडून धंद्यात उडी घ्यायला कुणी कचरला की 'धाकटेपणा करू नकोस'. स्कूलच्या चिन्हावर पंख पसरलेला पक्षी आणि खाली 'झेप' असा शब्द, तोही सरांनीच सुचवलेला. आणि कँटीनच्या भिंतीवर मुलांनी 'झेपणार नाही' असं लिहून त्यावर लाल काट मारलेली.

आत्या पांढऱ्याशुभ्र साडीत आली, पर्स मांडीवर धरून पहिल्या रांगेत बसली. "केसचा तास आहे म्हणे," ती शेजारच्या पाहुण्याला म्हणाली. "माझे तर सगळे पांढरे झाले, मला काय शिकवणार." पाहुणा हसला. ताईलाही बरं वाटलं. आत्या खुशीत होती.

तास रंगला. एक चष्मेवाला मुलगा उठून म्हणाला, धाकट्याला वाढीची भीती होती. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, भीती कसली, आळस होता. तिसरा म्हणाला, बापाच्या जिवावर बसून खायची सवय. ताई फळ्यावर लिहीत होती आणि मधूनच वळून म्हणत होती, "कारण सांगतो का तो? एका शब्दानं तरी?" आणि वर्ग एका सुरात म्हणत होता, "नाही."

आत्याही हसत होती. हसून हसून तिनं पदर तोंडाला लावला. "कुठून आणलात गं हा येडबंबू," ती मोठ्यानंच म्हणाली. "थोरल्याचं नशीब फुटकं."

वर्ग खदखदला. ताई म्हणाली, "बघा, आमच्या आत्यानं पण निकाल दिला. आणि लक्षात घ्या, तिनं स्वतः कारखाना चालवलाय." टाळ्या पडल्या. आत्यानं लाजून हात हलवला.

मग ताई त्या वाक्यापाशी आली. प्रत्येक तासाला ती तिथे जरा थांबायची, कारण ते वाक्य तिचं स्वतःचं होतं. म्हणजे लिहिलेलं सरांचं, पण उलगडलेलं तिनं. उदाहरणाच्या सुरुवातीला, कारखान्याची माहिती देताना, सरांनी सहज म्हटल्यासारखं म्हटलं होतं: रंग जुळला नाही म्हणून एकदा अख्खी पेटी परत आली होती. वर्षानुवर्षं त्या वाक्यावर लोकांनी डोकी फोडली होती. ताईची तर पीएच.डी. त्यावर होती. परदेशातल्या एका प्राध्यापकानं त्या प्रबंधाचा उल्लेख दोनदा केला होता, आणि तो उल्लेख ती या ना त्या निमित्तानं घरात काढत असे.

"का परत आली पेटी?" तिनं विचारलं.

"ब्रँडची ओळख," चष्मेवाला म्हणाला. "रंग म्हणजे ग्राहकाला दिलेला शब्द."

"छान. अजून?"

"कशाशी जुळला नाही?" हा आवाज पहिल्या रांगेतून आला. आत्या पुढे झुकली होती. तिच्या चेहऱ्यावर अजून मघाचं हसू होतं, पण भुवया आक्रसल्या होत्या.

"ग्राहकाच्या अपेक्षेशी, आत्या."

"अपेक्षेला काय रंग असतो का. साबण कशाशी जुळवायचाय, तो तर विरघळून जातो. रंग जुळवावा लागतो बटणाचा. शर्टाशी."

वर्गात पुन्हा हसू फुटलं. ताईही हसली आणि काहीतरी मजेदार उत्तर द्यायला तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात तिला आत्याचं हसू जाताना दिसलं. डोळ्यांतलं आधी गेलं. तोंडावरचं तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं.

"पेटी नव्हती ती," आत्या म्हणाली. "पोतं होतं. बाटलीच्या हिरव्या रंगाची बटणं. रंगाचं पिंप नीट धुतलं नव्हतं, माझीच चूक." मग तिनं फळ्याकडे बघितलं. ताईच्या वळणदार अक्षरात तिथे लिहिलं होतं: भीती. आळस. बापाच्या जिवावर. आणि सगळ्यात वर, चौकटीत: मला झेपणार नाही.

"हा धाकटा नाही गं," आत्या म्हणाली. "ही मी आहे."

ती उठली, पर्स काखेत मारली आणि दारातून बाहेर गेली. तासातलाच हा काही नाट्यप्रवेश असावा असं वाटून, मागच्या बाकांवरून टाळ्या सुरू झाल्या. पाहुण्यांनीही वाजवल्या. ताई खडू हातात धरून उभी होती. तिला टाळ्या थांबवता येईनात. सरांना घरात अजूनही कधी कधी आत्याला 'धाकटे' अशी हाक मारायची सवय होती. लहानपणापासून ती हाक ताईच्या कानावर पडत आली होती, आणि लहानपणापासूनच ती ते उदाहरण ऐकत आली होती.

संचालकांच्या खोलीत सर भाषणाची उजळणी करत बसले होते. आई थर्मासमधून कॉफी ओतत होती. वकील खिडकीत उभा राहून फोनवर कुणाला तरी "दुपारपर्यंत होऊन जाईल" असं सांगत होता. ताई आत आली, तिनं दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"सर, तो धाकटा म्हणजे आत्या आहे?"

सरांनी चष्म्यावरून बघितलं. वय झालं होतं, पण नजर वर्गात उशिरा आलेल्या मुलाकडे बघावं तशीच होती अजून. "कोण म्हणालं?"

"आत्याच. आत्ता. साठ मुलांसमोर."

"ती वर्गात होती?" सरांच्या हातातला कागद खाली आला. "तिला कुणी नेलं वर्गात?"

वकिलानं फोन बंद केला आणि खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखं बघायला लागला.

"आहे का नाही, तेवढं सांगा," ताई म्हणाली.

सरांनी कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "तेव्हा आमच्याकडची सगळी उदाहरणं बाहेरच्या पुस्तकांतली. मोटारींचे कारखाने, तेलाच्या कंपन्या. पोरांना त्यातलं काही आपलं वाटेना. म्हटलं, आपण आपलं लिहू. डोळ्यांसमोर होतं ते लिहिलं. ओळखू येऊ नये म्हणून बटणाचा साबण केला, बहिणीचा भाऊ केला. असंच करतात. तूही करतेस."

"मी विचारून करते."

"कारखाना बंद पडला होता. त्यात विचारायचं काय होतं? आणि मी पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. झेपणार नाही, हे तिचेच शब्द आहेत. मी विचारलं, ऑर्डर का सोडलीस, तर म्हणाली, दादा, मला झेपणार नाही. मी लिहिलं."

"आणि रंग राहिला."

"काय राहिला?"

"बटणाचा साबण केलात, पोत्याची पेटी केलीत, आणि रंग तसाच राहिला. साबणाला रंग जुळवावा लागत नाही, सर. ती नुसती चूक होती. खोडायची राहून गेलेली. मी त्या वाक्यावर पीएच.डी. केली."

सर खरोखरच विचारात पडले. "मला नेहमी वाटायचं," ते हळूच म्हणाले, "की मला सुचलं नव्हतं असं काहीतरी तुला त्यात सापडलंय."

एरवी ताई या वाक्यावर आठवडाभर हसली असती. आत्ता तिला भडभडून आलं. प्रबंध गेला खड्ड्यात. ती वीस वर्षं चौकटीत ते शब्द लिहीत आली होती, आत्याचे शब्द, आणि दर रविवारी त्याच आत्याच्या स्वयंपाकघरात बसून चहा पीत आली होती.

"झालं ते झालं," वकील खिडकीतून म्हणाला. "आत्या समजूतदार आहे. आपण तिची माफी मागू, आणि मग दुपारी..."

"तू गप," आई म्हणाली.

सगळ्यांनी आईकडे बघितलं. आई या खोलीत सहसा बोलत नसे. स्कूल हा सरांचा आणि ताईचा प्रांत, असं तिनं कधीच ठरवून टाकलं होतं. आता तिनं थर्मासचं झाकण घट्ट लावलं आणि ते पुन्हा उघडलं.

"सर, तुम्ही त्यात लिहिलंयत तरी काय नक्की? संध्याकाळची पाळी नाकारली, कारण झेपणार नव्हती?"

"तीच म्हणाली ना."

"आणि तुम्ही मानलंत. मशीनचा पट्टा तुटला तर एकटी बदलायची ती. कामगार आले नाहीत तर स्वतः बटणं पाडायच्या प्रेसवर बसायची. तिला एक पाळी झेपणार नव्हती?"

"मग का नाही म्हणाली?"

"मी खालीच होते तेव्हा, पुठ्ठ्यावर बटणं शिवत. कंपनीचा माणूस गेला. ती वर बघत राहिली. वर तुमचा तास चालू होता. विद्यापीठाचे लोक वर्ग बघायला यायचे होते त्याच सुमाराला, मान्यता द्यायची की नाही ते ठरवायला, आठवतंय? आणि दुसऱ्या कुठल्या जागेत कोणी उभं करत नव्हतं तुम्हाला." आईचा आवाज एकदम बारीक झाला. "मला म्हणाली, वहिनी, संध्याकाळी प्रेस चालू राहिली की दादाचा आवाज बंद. आणि म्हणाली, त्याला सांगू नको, तो वर्ग सोडून देईल."

त्या प्रेसचा आवाज ताईनंही लहानपणी ऐकला होता. धाड, धाड, सगळी माडी हलायची, आणि सहाच्या ठोक्याला सगळं एकदम थांबायचं. सहाला कारखाना सुटतो, इतकंच तिला माहीत होतं. कारखाना सहाला कोण थांबवतं आणि कशासाठी, हा प्रश्न तिला कधी पडला नाही. तिला प्रश्न पाडण्याचाच पगार मिळत होता.

सरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. ताईला त्यांची भीती वाटली, म्हणजे त्यांना काही होईल अशी.

"तू मला इतकी वर्षं सांगितलं नाहीस," शेवटी ते आईला म्हणाले.

"तिला शब्द दिला होता. आणि तुम्ही असलं काही लिहिलंयत, पोरं त्यावर हसतात, हे मला कुठं ठाऊक होतं? तुम्ही मला स्कूलमधलं कधी काय सांगितलंत?"

वकील खिडकीपासून हलला आणि आईच्या बाजूला येऊन उभा राहिला. त्याच्या हातात कागदांची बॅग होती, ती त्यानं पाठीमागे धरली.

आत्या कुठे गेली असेल हे कुणाला शोधावं लागलं नाही. मागच्या फाटकातून ते चौघं शेडकडे गेले, सर सगळ्यांच्या पुढे, काठी विसरून. बाहेर मांडवात पाहुण्यांना नाश्ता दिला जात होता. कुणीतरी "सर, सर" अशी हाक मारली. सरांनी वळूनही बघितलं नाही.

शेडचं दार उघडं होतं. आत प्रेस उभी होती, झाकलेली, पण चादर धुतलेली आणि प्रेसच्या सांध्यांना ताजं तेल. इतकी वर्षं बंद पडलेल्या मशीनला कोण तेल घालत होतं, हेही आजवर कुणी विचारलं नव्हतं. आत्या एका खोक्यावर बसली होती. माडीच्या जिन्याकडे तोंड करून.

सर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. दम लागला होता. सगळ्यांना वाटलं, माफी मागतील. पण मोठ्या भावांची तऱ्हा वेगळी असते.

"तू मला खोटं सांगितलंस," सर म्हणाले.

"हो," आत्या म्हणाली. "आणि तू ते छापलंस."

सरांचा चेहरा पडला.

"खरं सांगितलं असतंस तर मी वर्ग बंद केला असता. त्याच दिवशी."

"म्हणून तर नाही सांगितलं. तुला काय वाटतं, मला हौस होती?" आत्यानं नाक ओढलं. "दादा, कारखाना गेला त्याचं मला काही नाही. तो मी घालवला, माझ्या हातानं, आणि पुढे त्याच कंपनीत खरेदीखात्यात नोकरी केली, दुसऱ्यांची बटणं तपासली, त्याचंही काही नाही. तुझं हे एवढं मोठं झालेलं दिसायचं खिडकीतून. बरं वाटायचं. मनाशी म्हणायचे, यात आपलीही एक वीट आहे, कुणाला माहीत नसली तरी. आणि आज कळतं की माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. फक्त ती वीट नाही, तो दगड आहे. दरवर्षी नवीन पोरं येऊन त्याच्यावर हसतात." ती थांबली. "मी पण हसले रे. सगळ्यांच्या आधी हसले. म्हटलं, कोण हा येडबंबू."

आई तिच्याजवळ जाऊन खोक्याच्या कडेला टेकली. दोघी नणंदभावजया एका खोक्यावर, जागा पुरेना तरी.

ताईला बोलल्यावाचून राहवेना. "आत्या, मागच्या वर्षी तू विमानात बसायला नको म्हणालीस, तेव्हा मी तुला म्हटलं होतं, धाकटेपणा करू नकोस."

"हो. मला वाटलं, दादा धाकटी म्हणतो म्हणून तूही लाडानं म्हणतेस."

ताई तोंड फिरवून उभी राहिली. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले. "उद्यापासून ते उदाहरण बंद. मी काढून टाकते."

"काढू नकोस," आत्या म्हणाली. "काढलंस तर बाहेर गेलेल्यांच्या डोक्यात धाकटाच राहील. शिकव. पण त्याची बाई कर. साबणाची बटणं कर. आणि वरच्या माडीवर वर्ग भरत होता, ते घाल. मग विचार पोरांना, तुम्ही तिच्या जागी असता तर."

"आणि मग पोरं काय म्हणतील?" सरांनी विचारलं. स्वतःलाच विचारल्यासारखं.

"मला काय माहीत. तू प्रोफेसर आहेस."

सर खाली बघत होते. त्यांच्या बुटाजवळ फरशीच्या फटीत एक बटण रुतलेलं होतं, मळलेलं, पण हिरवं आहे एवढं कळत होतं. ते वाकले, पण त्यांना पुरतं वाकता येईना.

बाहेर मांडवातला माईक तपासल्याचा आवाज आला. वकिलानं घसा खाकरला. त्याचंही चुकलं नाही. नव्या विस्ताराचं भूमिपूजन नव्हतं की काही नव्हतं, पण पाहुण्यांसमोर घोषणा व्हायची होती, आणि ती सहीवर अडली होती.

"आत्या," तो चाचरत म्हणाला, "वेळ बरोबर नाही, कळतंय मला. पण ते कागद..."

आईनं त्याच्याकडे असं बघितलं की तो अर्धा झाला. पण आत्यानं हात पुढे केला. "आण इकडे."

त्यानं कागद दिले. पेन उघडून दिलं. आत्यानं ते गुडघ्यावर ठेवले, सगळे वाचल्यासारखे केले, शेवटच्या पानावर आली. मग तिनं मान वर करून माडीकडे बघितलं, जिन्याकडे, प्रेसकडे. पेनाला टोपण लावलं. कागद नीट जुळवून वकिलाच्या हातात परत दिले.

"मला झेपणार नाही," ती म्हणाली.

"बरं," वकील म्हणाला. "ठीक आहे, आत्या. काही हरकत नाही." आणि तो बॅगेत कागद ठेवायला लागला.

अगदी असंच झालं असणार तेव्हाही. ती म्हणाली असणार, मला झेपणार नाही, आणि समोरचा माणूस म्हणाला असणार, बरं. ताईनं तोंड उघडलं, पण तिच्या आधी दुसरा आवाज आला.

"का?" सर म्हणाले.

आत्यानं त्यांच्याकडे बघितलं. "वर्गातलं विचारतोयस, की घरचं?"

"घरचं."

मांडवातून पुन्हा कुणीतरी सरांना हाक मारली, या खेपेला माईकवरून. सर हलले नाहीत. आत्यानं प्रेसखालचं जुनं स्टूल पायानं पुढे सरकवलं, पदरानं त्यावरची धूळ झटकली.

"बस," ती म्हणाली. "मोठं उत्तर आहे."